उंचसखल बागेत ट्रॅक्टरमागे स्लॅशर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या आंबा-काजूच्या बागांत पाऊस सरता सरता गवत कमरेला लागतं. दिवाळीनंतर ते वाळतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठून तरी वणवा आला की वीस-पंचवीस वर्षांची कलमं दुपारभरात होरपळून जातात. म्हणून बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं काढणं, वेळेत उरकणं ही बागायतदाराची खरी गरज आहे. मजूर मिळत नाहीत, ग्रास कटरने एकर-एकर साफ करताना माणूस थकतो, त्यामुळे हल्ली बरेच जण मिनी ट्रॅक्टरमागे स्लॅशर, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या पात्यांनी गवत कापणारं अवजार, लावू लागले आहेत. काही दुकानांत याच यंत्राला श्रब मास्टर किंवा रोटरी कटर म्हणतात.

अडचण जमिनीची आहे. जांभ्याचे उंचवटे, कलमांची आळी, वारुळं, पाण्याचे चर, मध्येच पडका गडगा (दगडी कुंपण). अशा ठिकाणी स्लॅशर सपाट मळ्यासारखा जोडला तर शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद स्लॅशरपर्यंत नेणारा फिरता दांडा) वाकतो, गिअरबॉक्सचं सील जातं, पाती दगडावर आपटतात. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: स्लॅशर ट्रॅक्टरला करकचून आवळायचा नाही, त्याला जमिनीबरोबर वरखाली व्हायला जागा ठेवायची.

माझ्या ट्रॅक्टरला किती फुटी स्लॅशर घ्यावा?

ढोबळ हिशेब असा की कापणीच्या दर फुटामागे पीटीओवर (अवजाराला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकावर) चार-पाच एचपी हाताशी असावी. १८ ते २५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला ४ फुटी, ३५ एचपीच्या आसपास ५ फुटी. घाणेरी, रानमोडी असलं झुडपी रान असेल तर एक माप कमीच बरं. रुंदी निदान मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांइतकी हवी, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत उभंच राहतं. उंचसखल जागी अरुंद स्लॅशरचा आणखी एक फायदा आहे. रुंद डेक (पात्यांवरचं लोखंडी झाकण) एका उंचवट्यावर टेकला की दुसऱ्या बाजूला वीतभर गवत तसंच सुटतं. अरुंद डेकला जमिनीचा आकार जास्त जवळून धरता येतो.

पिना बसत नाहीत, किंवा बसतात पण खेळतात. काय करू?

ट्रॅक्टर आणि स्लॅशरची कॅटेगरी, म्हणजे जोडणीच्या पिनांचं ठरलेलं माप, वेगळी आहे. ट्रॅक्टरमागे जोडणीचे तीन दांडे असतात: खालच्या दोन लिंक आणि वरची टॉप लिंक. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिमीच्या आणि टॉप लिंकची १९ मिमीची असते. कॅटेगरी २ मध्ये खालच्या २८ मिमीच्या, वरची २५ मिमीची. मोठ्या भोकात लहान पिन तशीच घालून काम करू नका. खाचखळग्यांत प्रत्येक धक्क्याला ती पिन भोक ओरबाडते आणि हंगामभरात भोक लांबट होतं. बुश मिळतात, स्वस्त असतात, ते घाला. पिन निसटू नये म्हणून लावायच्या लिंच पिनच्या जागी खिळा किंवा तार वापरायची सवय असेल तर ती आजच सोडा.

जोडायचा क्रम काय?

सपाट जागी, स्लॅशर लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवून. ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. आधी डावी खालची लिंक लावा, मग उजवी, कारण वरखाली करायचं हँडल बहुतेक ट्रॅक्टरांना उजव्या लिफ्ट रॉडवर (लिंक उचलणाऱ्या दांड्यावर) असतं आणि उरलेला फरक त्याने जुळवता येतो. त्यानंतर टॉप लिंक. पीटीओ शाफ्ट सगळ्यात शेवटी. काढताना उलट, शाफ्ट आधी. ट्रॉलीचा हुक किंवा ड्रॉबार मागे लोंबत असेल तर तो काढून ठेवा. सपाटीवर तो शाफ्टला लागत नाही, पण स्लॅशर खड्ड्यात उतरला की नेमका लागतो.

ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर आणि स्लॅशर यांच्या मधे कोणीही उभं राहायचं नाही. "जरा डावीकडे, अजून थोडं" असं सांगणारा माणूस बाजूला, चालकाला दिसेल असा उभा राहावा.

टॉप लिंक पक्की ठेवायची की मोकळी?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर साधारण दीड मीटर धरा. पुढची चाकं १५ सेंमीच्या उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलवर मागे झुकतो. ॲक्सलपासून ९० सेंमी मागे असलेली लिंकची टोकं ९ सेंमी खाली जातात. स्लॅशरचं मागचं चाक ॲक्सलपासून अडीच मीटरवर असेल आणि टॉप लिंक पक्की असेल, तर ते चाक २५ सेंमी खाली जाऊ पाहतं. खाली जमीन आहे, ती त्याला जाऊ देत नाही. मग सगळं वजन त्या एका चाकावर येतं, डेकचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि मागच्या चाकाचा खांब किंवा टॉप लिंकचं ब्रॅकेट वाकतं. हीच चाकं चरात उतरली की उलट होतं: मागचं चाक हवेत, डेकची शेपटी वर, आणि गवत अर्धवट कापलेलं.

म्हणून स्लॅशरच्या बाजूला टॉप लिंक अशा जागी लावा की तिला थोडा खेळ मिळेल. बऱ्याच स्लॅशरांच्या मास्टवर (पुढच्या उभ्या चौकटीवर) यासाठी लांबट खाच असते किंवा मागेपुढे झुलणारी पट्टी असते. सपाट जागी, कापायच्या उंचीवर स्लॅशर ठेवून टॉप लिंकची लांबी अशी फिरवा की पिन खाचेच्या साधारण मधोमध येईल. आता उंचवटा आला तर मागचं चाक वर जाऊ शकतं आणि खोलगट जागा आली तर खालीही जाऊ शकतं. पिन खाचेच्या एका टोकाला टेकलेली असेल तर खाच असून नसल्यासारखी, कारण एका दिशेला स्लॅशर पुन्हा पक्काच झाला.

माझ्या पाहण्यात असे पुष्कळ स्लॅशर येतात ज्यांना कंपनीने खाच दिलेली आहे, पण जोडणाऱ्याने पिन शेजारच्या गोल भोकात घातलेली असते. ते भोक रोटाव्हेटरसारख्या पक्क्या जोडणीच्या सवयीतून वापरलं जातं. नवीन यंत्र आणलं की आधी मास्टकडे नीट बघा.

खाच नाही. टॉप लिंकऐवजी साखळी लावली तर?

लावतात, आणि गवतात ती चांगली चालते. काम करताना साखळी किंचित ढिली राहते, स्लॅशर उचलला की ताणली जाते आणि शेपटी धरून ठेवते. पण साखळी फक्त ओढ घेते, रेटा घेत नाही. मागे येताना स्लॅशरची शेपटी बांधाला किंवा गडग्याला लागली तर डेक पुढे दुमडून थेट शाफ्टवर आणि टायरवर येऊ शकतो. त्यामुळे साखळी लावली असेल तर रिव्हर्स घेण्याआधी पीटीओ बंद आणि मागे नजर, यात सूट नाही. उताराच्या, गडग्यांनी वेढलेल्या बागेत मी खाचवाली पट्टी बनवून घेण्याचाच सल्ला देईन. चांगला फॅब्रिकेटर जाड पट्टीतून ती सहज करून देतो, आणि तिच्या दोन्ही टोकांना अडथळा असल्याने डेक ठरावीक मर्यादेपलीकडे दुमडत नाही.

डेक पुढून खाली असावा की मागून?

पुढून थोडा खाली, अर्धा ते एक इंच. सपाट जागी पुढच्या आणि मागच्या पात्याचं टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजून बघा. पुढून खाली असला की गवत एकदाच कापलं जातं, मागून मोकळं बाहेर पडतं आणि इंजिनवर ताण कमी येतो. मागून खाली ठेवला तर गवत डेकखाली अडकून पुन्हा पुन्हा कापलं जातं. चुरा बारीक होतो, पण डिझेल जास्त जातं, आणि लहान ट्रॅक्टरला उंच ओल्या गवतात ते झेपत नाही.

मोजताना इंजिन बंद, किल्ली खिशात, डेक ओंडक्यांवर टेकलेला. नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या स्लॅशरखाली हात घालू नका.

चेक चेन किती आवळायच्या?

चेक चेन म्हणजे खालच्या लिंकना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या. सपाट आणि सौम्य उंचसखल जागी स्लॅशर दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं हलेल इतक्या ढिल्या ठेवा. बुंध्याला किंवा दगडाला कड लागली तर तो बाजूला सरकतो, धक्का लिंकवर जात नाही. आडव्या उतारावर मात्र स्लॅशर उताराकडे लोंबतो आणि डेकची कड टायरला घासू लागते. तिथे चेन आवळा. आवळल्यावर स्लॅशर पूर्ण वर उचलून पाहा, कारण काही ट्रॅक्टरांत लिंक वर जाताना चेन आणखी ताणली जाते.

काही ट्रॅक्टरांच्या लिफ्ट रॉडला खालच्या टोकाशी गोल भोकाबरोबर एक लांबट खाच असते. पिन त्या खाचेत घातली की डावी-उजवी लिंक थोडी स्वतंत्रपणे वर जाऊ शकते, आणि डेकची एक बाजू उंचवट्यावर चढली तरी दुसरी बाजू जमीन सोडत नाही. तुमच्या ट्रॅक्टरला ती असेल तर स्लॅशरसाठी वापरा. नांगराला किंवा पल्टीला पिन परत गोल भोकात.

हायड्रोलिकचा लिव्हर कुठे ठेवू?

ड्राफ्ट कंट्रोल स्लॅशरला वापरायचा नाही. तो नांगरासारख्या माती ओढणाऱ्या अवजारांसाठी आहे. टॉप लिंकवर दाब आला की तो अवजार आपोआप उचलतो, त्यामुळे खाचखळग्यांत स्लॅशर विनाकारण वरखाली नाचतो. पोझिशन कंट्रोलने पुढची उंची ठरवा आणि लिव्हरच्या खाचेत असलेला अडथळा तिथे आवळून ठेवा, म्हणजे प्रत्येक वळणानंतर अंदाजाने उंची शोधावी लागत नाही. मागची उंची मागच्या चाकाने ठरते.

लिव्हर पूर्ण खाली सोडून डेक बाजूच्या घसरपट्ट्यांवर चालवायचा की पुढून लिव्हरने धरून, हे जमिनीवर अवलंबून आहे. मऊ माती, दगड नाहीत: सोडून द्या, डेक जमिनीचा चढउतार छान धरतो. जांभ्याचे दगड डोकावणारी जागा: पुढून धरून ठेवा, घसरपट्ट्या फक्त उंचवट्यावर टेकतील इतक्या. दिवसभर दगडावर घासल्या तर त्या पट्ट्या एका हंगामात झिजून डेकची कड उघडी पडते.

शाफ्ट लांब पडतोय. कापावा का? किती?

नव्या स्लॅशरबरोबर आलेला शाफ्ट बऱ्याचदा मिनी ट्रॅक्टरला लांब पडतो. तो न कापता जबरदस्तीने बसवला की खड्ड्यात शाफ्ट पूर्ण आत जाऊन ठोकला जातो, आणि तो धक्का एका बाजूला ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सला बसतो. दुरुस्तीचा खर्च शाफ्टच्या किमतीच्या कितीतरी पट.

शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करा. एक पीटीओला लावा, एक गिअरबॉक्सला, आणि मधे शेजारी-शेजारी धरा. आता लिफ्ट हळूहळू वरखाली करत दोन टोकांतलं अंतर सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. बहुतेक वेळा शाफ्ट जवळजवळ सरळ रेषेत येतो तिथे. उंचसखल जमिनीसाठी इथे एक जादा पायरी आहे: त्याच जागी स्लॅशरची शेपटी जॅकने किंवा ओंडक्याने खाचेच्या मर्यादेपर्यंत वर उचला. शेपटी वर गेली की गिअरबॉक्स पुढे झुकतो आणि अंतर आणखी कमी होतं. सपाटीवर मोजून कापलेले शाफ्ट बांध ओलांडताना ठोकले जातात ते यामुळेच. या सगळ्यात कमी अंतरातही नळी तळाला टेकायला एक-दीड इंच बाकी राहिला पाहिजे.

जेवढं कापायचं तेवढं आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांतून सारखं, आणि प्लॅस्टिकच्या आवरणातूनही तेवढंच. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करा, भुकटी पुसून काढा, ग्रीस लावा. मग उलट टोक तपासा: सगळ्यात जास्त अंतर असतानाही नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश राहिल्या पाहिजेत. त्यापेक्षा कमी राहत असतील तर तो शाफ्ट तुमच्या जोडीला योग्य नाही, दुसरा घ्या. वेल्डिंग करून लांब केलेला शाफ्ट कधीही वापरू नका.

नवीन शाफ्ट आहे, तरी खडखडतो आणि हादरे बसतात.

दोन कारणं आधी पाहा. एक, दोन्ही टोकांचे आतले काटे (क्रॉस, म्हणजे शाफ्टचा वाकणारा सांधा, धरणारे दुबेळके) एका रेषेत नाहीत. चौकोनी नळीचा शाफ्ट चार प्रकारे बसू शकतो, त्यांतले दोन चुकीचे. त्रिकोणी नळीत तीनपैकी एकच बरोबर. ग्रीस करताना काढून परत घालताना ही गफलत होते, म्हणून आधीच दोन्ही नळ्यांवर रंगाची रेघ ओढून ठेवा. दोन, शाफ्टचा कोन जास्त झाला आहे. काम करताना तो १५-२० अंशांच्या आत असावा. वळताना स्लॅशर गवतावर येईल इतकाच उचला. चालू पीटीओवर पूर्ण वर उचलला की क्रॉस तुटायला वेळ लागत नाही.

क्रॉसला रोज ग्रीस, नळ्यांनाही. आवरण शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याची छोटी साखळी बांधलेली असते, ती बांधा. उघड्या फिरत्या शाफ्टात लुंगी, उपरणं, साडीचा पदर किंवा रेनकोटचा काठ अडकला तर सुटायला सेकंदही मिळत नाही.

शिअर बोल्ट सारखा तुटतो. जाड किंवा कडक बोल्ट टाकू?

नाही. पातं अडकलं की गिअरबॉक्स वाचावा म्हणून तो तुटण्यासाठीच आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच बोल्ट टाका आणि चार-पाच जादा जवळ ठेवा. सारखा तुटत असेल तर उंची वाढवा, वेग कमी करा, आणि पीटीओ इंजिन मंद असताना जोडून मग रेस वाढवा.

शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच (जोर जास्त झाला की घसरणाऱ्या प्लेटा) असलेला स्लॅशर असेल तर कोकणात एक वेगळी काळजी लागते. चार महिन्यांच्या दमट हवेत क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण दगड लागला की क्लच घसरतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट मोजून सारखे ढिले करा, प्लेटांच्या कडांवर खडूने आडवी रेघ मारा, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून बंद करा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे प्लेटा सुटल्या. मग नट तेवढेच परत आवळा.

क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढे जातो. ब्रेक गेलेत का?

बहुधा ब्रेक ठीक आहेत. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, पण जड पाती फिरतच राहतात आणि त्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येऊन ट्रॅक्टरची चाकं ढकलतो. पुढे गडगा किंवा कडा असेल तर हे जीवघेणं आहे. यासाठी पीटीओवर एकदिशा कपलिंग बसतं. ते इंजिनाकडून पात्यांकडे जोर जाऊ देतं, उलट येऊ देत नाही. हा भाग लावल्याशिवाय सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर स्लॅशर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कपलिंगमुळे शाफ्ट काही इंच मागे सरकतो, त्यामुळे ते बसवल्यावर शाफ्टची लांबी पुन्हा मोजा.

पीटीओ कोणत्या स्पीडवर?

मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. हलक्या गवताला इकॉनॉमी ५४० (इंजिनाच्या कमी रेसवर तेवढेच फेरे देणारा) चालतो. १००० चा पर्याय असेल तर तो नको, गिअरबॉक्स आणि पाती त्या वेगासाठी बनलेली नसतात. रिव्हर्स पीटीओ तर अजिबात नको.

दगड किती लांब उडतो?

पात्यांच्या टोकाचा वेग बघा. कापणीचा व्यास १.२ मीटर आणि पात्यांचे मिनिटाला १००० फेरे (गिअरबॉक्स पीटीओचा वेग वाढवतो) धरले तर टोक ताशी सुमारे २२५ किलोमीटरने फिरतं. ९० मीटरच्या आत माणूस, गुरं, गाडी नको. डेकच्या पुढे-मागे लोंबणाऱ्या साखळ्या किंवा रबर काढून टाकू नका. पहिल्या कापणीआधी बाग पायी फिरा, डोकावणाऱ्या दगडांशेजारी उंच काठी रोवून तिला लाल फडकं बांधा, तुटक्या तारा आणि ठिबकच्या नळ्या उचला. पहिला हात आठ इंचांवर मारा, जमीन दिसू लागली की दुसरा चार इंचांवर. त्याहून खाली जाण्याची गरज नाही. एवढे खुंट राहिले तर माती धरून राहते.

उतारावर कसं चालवावं?

सरळ चढ-उतार, आडवं नाही. मागच्या चाकांचे रिम उलटवून ट्रॅक्टरची रुंदी वाढवता येत असेल तर वाढवा. दोनशे-तीनशे किलोचा स्लॅशर मागे उचलला की पुढचा भाग हलका होतो आणि चढावर स्टिअरिंग लागत नाही. पुढे वजनं लावा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. उतरताना आधीच लहान गिअर टाका, मधे न्यूट्रल नाही. ट्रॅक्टरला संरक्षक चौकट असेल तर पट्टा बांधा. चौकट नसेल तर तीव्र उताराचा तुकडा ट्रॅक्टरने करूच नका, तिथे ग्रास कटर घेतलेला माणूसच योग्य.

काम झाल्यावर काय बघायचं?

डेकवरचं आणि शाफ्टभोवती गुंडाळलेलं गवत काढा. वाळलेलं गवत गरम गिअरबॉक्सजवळ साठू देऊ नका. पात्यांचे बोल्ट आवळा. एक पातं बदलायचं असेल तर समोरचंही बदला, नाहीतर तोल जातो. धार वस्तऱ्यासारखी नको, दोनेक मिमी जाडीची कड राहू द्या, ती दगडात टिकते. गिअरबॉक्समध्ये ईपी ९० तेल पुरेसं आहे का बघा, आणि खालच्या सीलभोवती तार किंवा दोरी गुंडाळलेली असेल तर ती लगेच कापून काढा. मग स्लॅशर ओंडक्यांवर टेकवा, शाफ्ट आधी सोडवा आणि त्याचं तोंड चिखलात न ठेवता मास्टवर अडकवा.